दुसरी मुदत नको म्हणा: डेटा संरक्षण मंडळाच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय डेटा संरक्षण मंडळ

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पदाला लिहितो आहे, व्यक्तीला नाही. लोकांच्या तक्रारी लिहून देणं हे माझं जुनं काम. बँकांचा लोकपाल, विम्याचा लोकपाल, ग्राहक आयोग, माहिती आयोग, जिथे जिथे सामान्य माणसाला अर्ज करून दाद मागता येते, तिथले नमुने, मुदती आणि फेटाळणीची ठरावीक वाक्यं आता पाठ झाली आहेत. नवी यंत्रणा आली की तिच्या कायद्याची प्रस्तावना मी सवडीने वाचतो. आधी बघतो ते एवढंच, की अर्ज कोणाच्या टेबलावर पडतो, तिथून पुढे कोण वाटून देतं आणि निर्णय घेणाऱ्याची नेमणूक कोणाच्या सहीने होते.

या तिसऱ्या प्रश्नाने सुरुवात करतो, कारण खरं पाणी तिथेच मुरतं आहे.

लोकांची वैयक्तिक माहिती, म्हणजे डेटा, कंपन्यांनी आणि सरकारने कशी जपायची हे ठरवणारा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. कलम 28 म्हणतं की तक्रारींची चौकशी करून दंड लावणारं हे मंडळ स्वतंत्र संस्था म्हणून काम करेल. वाचायला छान वाटतं. पण कलम 20 मध्ये अध्यक्षाची आणि सदस्यांची मुदत फक्त दोन वर्षं आहे आणि पुढे फेरनियुक्ती होऊ शकते. नेमणूक केंद्र सरकार करणार. अध्यक्षाचं नाव सुचवणाऱ्या समितीच्या प्रमुखपदी मंत्रिमंडळ सचिव, सोबत विधी व्यवहार आणि माहिती तंत्रज्ञान खात्यांचे सचिव आणि दोन तज्ज्ञ. आता या देशात लोकांचा सगळ्यात जास्त डेटा कोणाकडे आहे? रेशनपासून पेन्शनपर्यंत, लसीपासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत, सरकारकडेच. म्हणजे ज्याच्याविरुद्ध उद्या तक्रार येऊ शकते, तोच पक्षकार आपली मुदत वाढवायची की नाही हे ठरवणार.

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये या कायद्याचा जो मसुदा दिला, त्यात निवड समितीचं अध्यक्षपद सरन्यायाधीशांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे होतं. 2019 च्या विधेयकात न्यायमूर्ती गेले, सचिव राहिले. तरी त्या विधेयकात एक गोष्ट शिल्लक होती: मुदत पाच वर्षांची आणि फेरनियुक्ती नाही. 2023 मध्ये तीही गेली. पाचाची दोन झाली आणि ‘नाही’चं ‘हो’ झालं. एवढा बदल कोणी सहज करत नाही.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी विनंती: दुसरी मुदत मिळाली तरी घेणार नाही, असं रुजू होताच लेखी जाहीर करा. आधीच रुजू झाला असाल तर आज करा.

यावर कोणी म्हणेल की दोन वर्षांत काय होतं? कर्मचारी भरायचे, पोर्टल उभं करायचं, पद्धती बसवायच्या, जरा हात बसतो न बसतो तोच निरोप समारंभ. आक्षेप खोटा नाही. पण याची दुसरी बाजू मी इतर कार्यालयांत पाहिली आहे. मुदत संपत आली की अडचणीची प्रकरणं ‘पुढील तारखेस’ जायला लागतात. कोणी फोन करून सांगावं लागत नाही, माणूस आपोआप जपून वागायला लागतो. दुसऱ्या मुदतीची आशा नसलेला अध्यक्ष दोन वर्षांत जेवढं करेल, तेवढं आशेवरचा अध्यक्ष चार वर्षांत करणार नाही, असं माझं मत आहे. पगाराचा मुद्दा मी काढत नाही, महिना साडेचार लाख रुपये नियमांतच लिहिले आहेत आणि कामाच्या मानाने ते फार नाहीत. निवृत्तीनंतर वर्षभर नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते, हे बंधनही रास्त आहे. खोट आहे ती मुदतीत.

मुदतीला एवढं महत्त्व देणारा मी एकटा नाही. हंगेरीने 2012 मध्ये डेटा संरक्षणाचं जुनं आयुक्तपद मोडून नवी संस्था केली आणि त्या ओघात आयुक्ताची मुदत मधेच संपवली. युरोपीय न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये हे बेकायदा ठरवलं. मुदत कधीही कापता येते अशी टांगती तलवार असेल तर तो अधिकारी आधीच सरकारचा कल पाहून वागू लागेल, असा त्या निकालाचा रोख होता. तिथे मुदत कापली म्हणून न्यायालय बोललं. इथे ती कापलेलीच हातात दिली आहे.

आणि खुर्ची रिकामी राहिली तर काय होतं, हे आपल्या क्षेत्राने भोगलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या सायबर अपील न्यायाधिकरणाला 2011 पासून अध्यक्षच नव्हता. अपिलं दाखल होत होती, कार्यालय चालू होतं, निकाल मात्र कोणी देत नव्हतं. शेवटी 2017 मध्ये ते न्यायाधिकरण दूरसंचार विवादांच्या न्यायाधिकरणात विलीन केलं. आपल्या आदेशांवरची अपिलं आता त्याच न्यायाधिकरणाकडे जाणार आहेत. म्हणून दुसरी मुदत नाकारताना आणखी एक करा: मुदत संपण्याच्या सहा महिने आधी जागा रिकामी होत असल्याचं सरकारला कळवा आणि त्या पत्राची प्रत लोकांसमोर ठेवा. त्यानंतरही नेमणूक रखडली तर ते घोंगडं कोणी भिजत ठेवलं, हे सगळ्यांना दिसेल.

आता कामकाजाकडे येतो. कलम 26 फार कमी लोकांनी वाचलं असेल. त्यात अध्यक्षाचे खास अधिकार आहेत: कोणत्या अधिकाऱ्याने तक्रारींची छाननी करायची हे ठरवणं आणि कोणतं प्रकरण कोणत्या सदस्यापुढे जाणार हे ठरवणं. न्यायालयात काम करणाऱ्या कोणालाही विचारा, प्रकरण कोणापुढे लागलं यात अर्धा निकाल असतो. त्यात भर म्हणजे नियमांनुसार एक तृतीयांश सदस्य हजर असले की बैठकीची गणपूर्ती होते. मंडळ चार सदस्यांचं ठरलं आहे, म्हणजे दोघं बसले की बैठक वैध. मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं जादा मत निर्णायक. दोघांच्या बैठकीत सदस्याने विरोध केला तरी ठराव अध्यक्षांचाच होतो! शिवाय तातडी असेल तर अध्यक्ष एकट्याने निर्णय घेऊ शकतात, कारणं लिहून ठेवायची, सात दिवसांत सदस्यांना कळवायचं आणि पुढच्या बैठकीत मंजुरी घ्यायची.

यात बेकायदा काही नाही, छोट्या संस्थेला अशा तरतुदी लागतात. पण एवढी ताकद एका हातात असेल तर ती वापरण्याची रीत आधी लिहून काढलेली बरी. प्रकरणांचं वाटप कोणत्या क्रमाने होणार, कोणत्या कारणासाठी तो क्रम मोडणार, दंडाचा निर्णय किमान तीन जणांपुढेच होणार की नाही, हे एका पानात मावेल. नियम तेवढं मागत नाहीत हे खरं. मंडळाला स्वतःचे विनियम करायचा अधिकारही नाही, नियम करायचे ते केंद्राने. पण स्वतःच्या कामाची शिस्त जाहीर करायला कोणाची परवानगी लागत नाही.

तक्रारीचा प्रवास कसा होईल, ते एका उदाहरणाने बघू. एका पॅथॉलॉजी लॅबने रिपोर्टची लिंक मोबाइलवर पाठवली. लिंकच्या शेवटी एक क्रमांक आहे. मुलाने गंमत म्हणून शेवटचा आकडा एकाने वाढवला, तर दुसऱ्याच बाईंचा रिपोर्ट उघडला: नाव, वय, फोन नंबर, गर्भचाचणीचा निकाल. आणखी एकाने वाढवला, तिसऱ्याचा. ही चूक तंत्रज्ञांना नवीन नाही, वर्षानुवर्षं चालत आली आहे. लॅबला कळवलं तर उत्तर येतं, ‘आपली समस्या नोंदवली आहे.’

नव्या व्यवस्थेत लॅबने काय करायला हवं? डेटा फुटल्याचं कळताच मंडळाला आणि ज्यांचा डेटा उघडा पडला त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं, मंडळाला सविस्तर अहवाल 72 तासांत द्यायचा. लॅबने मूग गिळले तर? मंडळाला बातमी वाचून स्वतःहून चौकशी सुरू करता येईल अशी स्पष्ट तरतूद कायद्यात नाही. फुटीची सूचना, बाधिताची तक्रार, सरकारने पाठवलेलं प्रकरण किंवा न्यायालयाचा निर्देश, यांपैकी काहीतरी आधी यावं लागतं. म्हणून भार येतो त्या बाईंवर, ज्यांना आपला रिपोर्ट भलत्याच घरी उघडला हे ठाऊकच नाही. समजा कोणी त्यांना सांगितलं. त्यांनी आधी लॅबकडेच तक्रार करायची, कारण तो मार्ग संपवल्याशिवाय मंडळाकडे येता येत नाही. लॅबला उत्तर द्यायला 90 दिवसांपर्यंत मुदत. मग मंडळाकडे अर्ज. मंडळाची चौकशी सहा महिन्यांत व्हावी असं नियम म्हणतात, आणि कारणं देऊन ती दर वेळी तीन महिन्यांनी वाढवता येते. सगळं सुरळीत गेलं तर नऊ महिने, एकदा मुदत वाढली तर वर्ष जातं. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल लॅबला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो जातो भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. त्या बाईंना मिळतो शून्य रुपया.

अजून निदान एक दार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43ए खाली निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येते आणि पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. महाराष्ट्रात अशा दाव्यांत बँकांना पैसे परत द्यायला लावणारे आदेश झाले आहेत. नवा कायदा मे 2027 मध्ये पूर्ण लागू होईल, तेव्हा 43ए रद्द होईल. भरपाई देणं आपल्या अधिकारात नाही, त्यामुळे ती मी मागत नाही. पण मग त्या बाईंनी वर्षभर हेलपाटे घालून मिळवायचं काय? एकच गोष्ट उरते: काय घडलं, कोणाच्या चुकीने घडलं आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करायला लावलं, हे अधिकृत कागदावर, नावानिशी, सगळ्यांना वाचता येईल असं.

म्हणूनच आदेशांचा आग्रह. कारणं लेखी नोंदवण्याचं बंधन कायद्यात आहे. ती फाइलमध्ये राहणार की लोकांसमोर येणार, हे आपल्या हातात आहे. तक्रारदाराचं नाव जरूर झाका. संस्थेचं झाकू नका. तक्रार दाखल करून न घेता बंद केली तर तेही कारणासह प्रसिद्ध करा, कारण पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त आदेश तेच असतील. फुटीच्या सूचनांचा तर पूर येणार आहे. युरोपात लोकांना धोका संभवत नसेल तर फूट कळवावी लागत नाही, आपल्या कायद्यात अशी सूट नाही, लहान-मोठी प्रत्येक कळवायची. त्यांचं काय केलं याचा महिन्याचा तक्ता निघाला, कोणी कळवलं, किती उशिरा कळवलं, बाधितांना सांगितलं की नाही, तर पत्रकार आणि विद्यार्थी उरलेलं काम स्वतःच करतील.

एका तरतुदीची मात्र मला धास्ती वाटते. कलम 32: स्वेच्छा हमी. कंपनीने ‘यापुढे असं करू’ किंवा ‘असं करणार नाही’ असं लिहून दिलं आणि मंडळाने ते स्वीकारलं, की त्या बाबतीतली कारवाई थांबते. किरकोळ चुकांसाठी ठीक आहे. पण मोठ्या कंपनीचे वकील पहिल्या सुनावणीलाच हमीपत्राचा मसुदा घेऊन येतील आणि आपल्या समोर प्रकरणांचा ढीग असेल. तेव्हा मोह होईल. हमी प्रसिद्ध करण्याची अट त्यातच घालता येते. ती प्रत्येक वेळी घाला. नाहीतर काही वर्षांनी दंडांची यादी कोरी आणि हमीपत्रांनी कपाट भरलेलं, असं चित्र दिसेल.

दंडाच्या आकड्याचंही असंच. ब्रिटनच्या डेटा नियामकाने जुलै 2019 मध्ये एका विमान कंपनीवर 18 कोटी 30 लाख पौंडांहून मोठा दंड लावण्याचा इरादा जाहीर केला. जगभर मथळे झाले. ऑक्टोबर 2020 मध्ये प्रत्यक्ष दंड झाला दोन कोटी पौंड. कंपनीचं म्हणणं ऐकलं, कोविडचा फटका धरला, त्यात गैर नाही. पण लोकांच्या लक्षात राहिला तो उतरलेला आकडा. 250 कोटींचा धाक घालून 25 लाखांवर येण्यापेक्षा सुरुवातीलाच 25 लाख का, हे तीन पानांत सांगणारा आदेश मला जास्त पटेल. कलम 33 मध्ये कसोट्या दिल्याच आहेत: चुकीचं गांभीर्य, कालावधी, डेटाचं स्वरूप, पुनरावृत्ती, झालेला फायदा. प्रत्येक कसोटीपुढे एक परिच्छेद लिहिला की झालं.

आयर्लंडचं उदाहरण यापेक्षा बोचरं आहे. मे 2023 मध्ये त्यांच्या डेटा संरक्षण आयोगाने फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, 120 कोटी युरोंचा दंड केला, तोपर्यंतचा सगळ्यात मोठा. पण आयोगाच्या मूळ मसुद्यात दंड नव्हताच. इतर देशांच्या नियामकांनी आक्षेप घेतले, युरोपीय डेटा संरक्षण मंडळाने बंधनकारक निर्णय दिला, तेव्हा दंड लागला. तिथे एक कचरला तर बाकीचे खांद्यावर हात ठेवतात. आपल्याला असे शेजारी नाहीत. आपण कचरलात तर ते कोणाला कळणारही नाही.

सरकारचा विषय टाळून हे पत्र पूर्ण होणार नाही. जून 2023 मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल नंबर दिला की कोविनवर नोंदवलेले तपशील मिळतात, अशा बातम्या आल्या. आरोग्य मंत्रालयाने त्या निराधार ठरवल्या आणि तपास सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सीईआरटी-इनला दिला. ती संस्थाही केंद्र सरकारचीच. त्या वेळी मंडळ नव्हतं. पुढच्या वेळी असेल. आरोप सरकारी पोर्टलवर, खुलासा सरकारचा, आणि निर्णय आपला. कलम 17 मध्ये कोणत्याही सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहे, हे मला माहीत आहे. पण ज्यांना सूट दिलेली नाही, त्यांना खासगी कंपनीइतक्याच कडक नोटिशी जायला हव्यात. एखाद्या नगरपालिकेने मालमत्ता कराच्या थकबाकीदारांची यादी फोन नंबरांसकट संकेतस्थळावर टाकली, तर तिलाही तोच नमुना, तीच मुदत. पहिल्या दहा आदेशांत एकही सरकारी कार्यालय नसेल, तर लोक काय समजायचं ते समजतील.

जाता जाता एक: नियमांसोबत माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(जे) बदललं आणि वैयक्तिक माहिती नाकारणं सोपं झालं. ते प्रकरण आपल्याकडे येणार नाही, माहिती आयोगाकडे जाईल. पण अर्ज फेटाळणारे अधिकारी आपल्या कायद्याचं नाव पुढे करतील. स्वतः मंडळ माहिती अधिकाराच्या अर्जांना कशी उत्तरं देतं, इकडे आमचं लक्ष राहील.

तक्रारदारांबद्दल थोडं. कलम 28 नुसार खोटी किंवा फालतू तक्रार वाटली तर मंडळ ताकीद देऊ शकतं, खर्च भरायला लावू शकतं. कर्तव्यभंगाबद्दल नागरिकालाही 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. कंपनीचे वकील हे हत्यार पहिल्या दिवसापासून बाहेर काढतील. लोकांना कायदा नवा आहे, चुकीच्या रकान्यात लिहितील, चुकीच्या कंपनीचं नाव देतील, कर्जाच्या ॲपचा राग मंडळावर काढतील. पहिल्या दोन वर्षांत एकाही सामान्य माणसाला खर्चाचा भुर्दंड बसला तर ती बातमी व्हॉट्सॲपवर किती वेगाने फिरेल, आणि त्यानंतर माझ्याकडून किती जण ‘नको बाबा, राहू दे’ म्हणत परत जातील, हे मला आत्ताच दिसतं आहे.

शेवटी भाषा. संमती मागताना कंपन्यांनी इंग्रजीबरोबर आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांचा पर्याय द्यायचा, हे कायद्याने ठरवलं. बंधन कंपन्यांवर आहे, मंडळावर नाही. मंडळाचं कामकाज शक्यतो डिजिटल चालणार, म्हणजे तक्रार पोर्टलवर, सुनावणी पडद्यावर. चांगलं आहे, प्रवास वाचेल. पण ज्या माणसाची संमती मराठीत घेतली, त्याने तक्रार मराठीत केली तर ती दाखल होईल का, नोटीस कोणत्या भाषेत येईल, आदेशाचं भाषांतर कोण देईल? याचं उत्तर लवकर कळवावं, ही विनंती. दोन तक्रारींची टिपणं तयार आहेत, मसुदा कोणत्या भाषेत करायचा एवढंच ठरायचं आहे.

आपला,
तक्रारी लिहून देणारा एक नागरिक